पहिल्या पानाचा माथा आधी वाचावा

वाचकांचे प्रश्न : पोलिश वृत्तपत्रांच्या इतिहासाचा अभ्यास

पोलंडमधील वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांच्या इतिहासाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांमध्येच या अभ्यासातील खऱ्या अडचणी दडलेल्या आहेत.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी असून दोन वर्षांपासून पोलिश शिकते आहे. पोलिश वृत्तपत्रांवर प्रबंध लिहावा असे मनात आहे. परंतु जे पुस्तक उघडावे त्यात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या कायद्यांचीच चर्चा अधिक असते. सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : आपल्याला जी अडचण वाटते आहे, तोच या विषयाचा गाभा आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत शेजारच्या तीन सत्तांनी पोलंड वाटून घेतला आणि १९१८पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंडला स्वतःचे स्वतंत्र राज्य नव्हते. पोलिश भाषेतली वृत्तपत्रे मात्र या सगळ्या काळात निघत राहिली, वाचली गेली, जप्त झाली आणि पुन्हा निघाली. त्यामुळे ‘पोलिश वृत्तपत्रसृष्टी’ असे एकसंध चित्र मनात धरून कामाला लागले, तर पहिल्या महिन्यातच गोंधळ उडतो. वॉर्साचे दैनिक रशियन सेन्सॉरच्या हाताखालून जात होते, पोझनानच्या संपादकाला प्रशियाच्या न्यायालयात उभे राहावे लागत होते आणि क्राकूफ व ल्वूफ येथील वृत्तपत्रांना १८६०च्या दशकानंतर, ऑस्ट्रियाने गालित्सिया प्रांताला स्वायत्तता दिल्यावर, इतरांच्या मानाने बरीच मोकळीक मिळाली होती. एकाच घटनेची बातमी या तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिली जाई, आणि तो फरक बऱ्याचदा संपादकाच्या मतांपेक्षा त्याच्या डोक्यावरच्या कायद्याचा असे.

आरंभबिंदू म्हणून १६६१ हे वर्ष घ्यायला हरकत नाही. त्या वर्षी ३ जानेवारीला क्राकूफमध्ये ‘मेर्कुरियुश पोल्स्की’ या पहिल्या नियमित पोलिश वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. संपादनाची बाजू हिएरोनिम पिनोच्ची यांच्याकडे होती आणि छपाई यान अलेक्सांदर गोर्चिन यांची होती. काही महिन्यांनी पत्र वॉर्साला हलवले गेले आणि जुलैमध्ये बंद पडले. एकंदर ४१ अंक निघाले. जेमतेम सात महिन्यांचे हे आयुष्य वाचून पुष्कळ जण पुढे सरकतात, पण मी आपल्याला इथे थोडे थांबायला सांगेन. हे पत्र राजा यान काझिम्येश आणि राणी लुद्विका मारिया यांच्या दरबाराच्या पाठबळावर निघाले होते. राजा हयात असतानाच त्याच्या वारसाची निवड व्हावी हा दरबाराचा बेत सरदारवर्गाच्या गळी उतरवणे, हा त्यामागचा एक उघड हेतू होता. पुढच्या तीन शतकांत हरेक पोलिश पत्राला जो प्रश्न विचारावा लागतो, की हे कोणाच्या पैशावर आणि कोणासाठी निघाले, तो पहिल्याच पत्राच्या पहिल्या अंकापासून हजर आहे.

त्याच काळात हाताने लिहिलेली बातमीपत्रेही सरदारांच्या घरोघर फिरत होती आणि छापील पत्रे आल्यावरही ती लगेच थांबली नाहीत. ती ग्रंथालयांच्या वृत्तपत्र विभागात सापडत नाहीत. घराण्यांच्या दप्तरांत, पत्रव्यवहाराच्या गठ्ठ्यांत शोधावी लागतात. अठराव्या शतकावर काम करायचे असेल तर हे विसरून चालणार नाही.

प्रबंधासाठी विषय निवडताना एक शहर, एक पत्र आणि फार तर दहा वर्षे एवढाच पट घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वसाधारण पार्श्वभूमीसाठी येझी वोयेक यांच्या संपादनाखाली १९७६ ते १९८० या काळात निघालेला पोलिश वृत्तपत्रांचा बहुखंडी इतिहास अजूनही टाळता येत नाही; तो १६६१पासून १९४५पर्यंत येतो. मात्र तो ग्रंथ स्वतःच सेन्सॉरशिपच्या राजवटीत छापला गेला, हे वाचताना सतत लक्षात ठेवावे. रशियाशी संबंधित भाग त्यात कसा मांडला आहे आणि काय मोघम ठेवले आहे, हे आज मूळ अंक समोर ठेवून पुन्हा तपासण्यासारखे आहे.

प्रश्न : १८८०च्या दशकातल्या वॉर्साच्या एका साप्ताहिकाच्या अंकावर दोन तारखा छापलेल्या दिसल्या, एक कंसाबाहेर आणि एक कंसात. संदर्भ देताना कोणती तारीख लिहावी?

उत्तर : रशियन साम्राज्यात जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि पोलिश समाज कित्येक पिढ्यांपासून ग्रेगोरियन दिनदर्शिका वापरत होता. म्हणून वॉर्साच्या पत्रांवर दोन्ही तारखा शेजारी-शेजारी छापल्या जात. एकोणिसाव्या शतकात दोन्हींत १२ दिवसांचे अंतर होते, तर मार्च १९००पासून ते १३ दिवसांचे झाले. ‘५ (१७) फेब्रुवारी’ असे छापलेले असेल तर १७ ही आपल्या ओळखीची तारीख. संदर्भात तीच लिहावी आणि दुसरी हवी तर कंसात ठेवावी.

घोळ खरा होतो तो वेगळ्या ठिकाणी. रशियन सत्तेविरुद्ध पोलिश लोकांनी केलेल्या १८६३च्या उठावाची सुरुवात आपण २२ जानेवारीला धरतो, पण तेव्हाच्या रशियन सरकारी कागदात तोच दिवस १० जानेवारी असतो. वॉर्साचे पत्र, सेंट पीटर्सबर्गचे पत्र आणि क्राकूफचे पत्र एकत्र ठेवून एखाद्या घटनेचा माग काढताना, आधी प्रत्येक तारीख एकाच दिनदर्शिकेत आणून ठेवली नाही, तर रशियन बातमी घटनेच्या आधीच छापून आल्यासारखी दिसते आणि त्यावर भलतेच निष्कर्ष उभे राहतात. मी स्वतः अशा एका टिपणावर तीन आठवडे काम केल्यावर ही चूक माझ्या ध्यानात आली होती. तेव्हापासून वहीत डाव्या समासात ग्रेगोरियन तारीख लिहिल्याशिवाय मी कुठलीही नोंद करीत नाही.

आपल्या अंकाच्या अखेरीस, अगदी बारीक टाइपात, रशियन लिपीत एक ओळ असण्याचा संभव आहे. ‘सेन्सॉरची परवानगी आहे’ असा तिचा अर्थ असतो आणि पुढे शहराचे नाव व तारीख असते. ही तारीख जुन्या गणनेची असते. ती अंकाच्या तारखेशी ताडून पाहिली, की मजकूर सेन्सॉरच्या टेबलावरून कधी सुटला हे कळते. ५ ऑगस्ट १९१५ रोजी जर्मन सैन्याने वॉर्सा घेतले आणि जोडतारखांचे कारणच संपले.

प्रश्न : पोलिश डिजिटल ग्रंथालयांत मी एका कारखान्याविषयीच्या बातम्या शोधतो आहे. ज्या वर्षी त्याविषयी नक्की लिहून आले होते त्या वर्षाच्या अंकांतही शोधपेटी ‘काही आढळले नाही’ असे सांगते. अंक अपुरे आहेत की माझे काही चुकते आहे?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, पण बहुतेक वेळा दोष शब्दाचा असतो. आधी भाषेकडे पाहू.

पोलिश नामाला सात विभक्ती आहेत आणि प्रत्येक विभक्तीत शब्दाचे शेपूट बदलते. कधी कधी पोटही बदलते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण आपणही ‘पाणी’ शोधायला गेलो तर ‘पाण्यात’ हाती लागत नाही. वॉर्सा शहराचे पोलिश नाव ‘वार्शावा’, पण ‘वॉर्सामध्ये’ म्हणताना ते ‘वार्शाव्ये’ होते. ‘वूच’ या कापडगिरण्यांच्या शहराचे तर ‘वूचमध्ये’ म्हणताना ‘वोजी’ होते, म्हणजे आतला स्वरच पालटतो. बातमीत शहराचे नाव मूळ रूपात क्वचितच येते. ते ‘मध्ये’, ‘हून’, ‘चा’ अशा रूपांतच येते. म्हणून शोधताना सगळी रूपे एकेक करून टाकावीत आणि जिथे तारांकनाची सोय आहे तिथे शब्दाचा न बदलणारा भाग देऊन पुढे तारांकन (*) करावे.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. पोलिश शुद्धलेखनाचे नियम १९१८मध्ये आणि पुन्हा १९३६मध्ये बदलले. ‘इतिहास’ या अर्थाचा ‘हिस्तोरिया’ हा शब्दच पाहा. १९१८पूर्वीच्या वृत्तपत्रात त्याचे शेवटून दुसरे अक्षर ‘वाय’ असते, १९१८ ते १९३६ या काळात ‘जे’ असते आणि त्यानंतर ‘आय’. उच्चार तोच, अर्थ तोच, पण शोधयंत्राच्या लेखी हे तीन निरनिराळे शब्द आहेत. परकीय मूळ असलेल्या शेकडो शब्दांचे असेच आहे आणि आपल्या कारखान्याच्या नावात असा एखादा शब्द असण्याचा चांगलाच संभव आहे. वृत्तपत्रांच्या नावांनाही हा नियम लागू पडतो. १८५९मध्ये वॉर्सात सुरू झालेल्या ‘तिगोद्निक इलुस्त्रोवानी’ या सचित्र साप्ताहिकाच्या नावात सुरुवातीला ‘एल’ हे अक्षर जोडाक्षरासारखे दोनदा येत असे, पुढे ते एकदाच येऊ लागले. क्राकूफचे १९१०पासून निघणारे ‘इलुस्त्रोवानी कुरियर त्सोजेन्नी’ हे दैनिक मात्र ‘कुरियर’ हा शब्द शेवटपर्यंत जुन्या पद्धतीने, ‘वाय’नेच छापत राहिले.

तिसरी गोष्ट यंत्राच्या वाचनाची. स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर ओसीआर प्रणाली वाचते, पण अक्षरांखालची शेपटी, डोक्यावरची रेघ आणि ‘एल’ला छेदणारी आडवी दांडी या पोलिश खुणा जुन्या, झिजलेल्या टाइपात नीट उमटलेल्या नसतात. अरुंद स्तंभांमुळे शब्द ओळीच्या टोकाला तुटतो आणि दोन तुकडे दोन शब्द म्हणून नोंदले जातात. पूर्व प्रशियातील माझुरी लोकांसाठी निघणारी काही पोलिश पत्रे तर जर्मन गॉथिक टाइपात छापली जात. भाषा पोलिश आणि अक्षरवळण जर्मन, अशा पानावर यंत्राचा पुरताच गोंधळ होतो. म्हणून शोधपेटीचा नकार हा पुरावा मानू नये. ज्या आठवड्यात बातमी यायला हवी होती त्या आठवड्याचे अंक डोळ्यांनी, पानामागून पान असे चाळावेत. वेळ जातो, पण त्या चाळण्यात शेजारच्या स्तंभातली अशी एखादी जाहिरात किंवा वाचकाचे पत्र मिळून जाते, जे शोधपेटीने कधीच दाखवले नसते.

अंक कुठे शोधावेत याविषयी थोडे. वॉर्सातील राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘पोलोना’ हे संकेतस्थळ आणि देशभरातल्या प्रादेशिक व विद्यापीठीय संग्रहांत एकदम शोध घेऊ देणारे ‘डिजिटल ग्रंथालयांचा महासंघ’ हे स्थळ, या दोन ठिकाणांपासून सुरुवात करावी. त्यानंतर ज्या प्रांतातले पत्र असेल त्या प्रांताचे संग्रह स्वतंत्रपणे पाहावेत. क्राकूफच्या दैनिकांसाठी मावोपोल्स्का प्रांताचा, पोझनानसाठी व्येल्कोपोल्स्काचा, कोळसा आणि पोलाद यांच्या भागासाठी सिलेशियाचा. शोधताना काही शब्द ओळखीचे असावेत : ‘जेन्निक’ म्हणजे दैनिक, ‘तिगोद्निक’ साप्ताहिक, ‘म्येशेंच्निक’ मासिक, ‘रोच्निक’ म्हणजे वर्षाचा खंड आणि ‘दोदातेक’ म्हणजे पुरवणी. हा शेवटचा शब्द विशेष जपावा, कारण मोठ्या दैनिकांच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या आवृत्त्या आणि पुरवण्या पुष्कळदा वेगळ्या फाइलींत असतात, आणि आपला कारखाना नेमका संध्याकाळच्या आवृत्तीत दडलेला असू शकतो.

अंक खरोखरच अपुरे असण्याची कारणेही आहेत आणि ती दुःखद आहेत. जर्मन ताब्याविरुद्धचा १९४४चा वॉर्सा उठाव मोडून काढल्यानंतर, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, जर्मनांनी ओकुल्निक रस्त्यावरील क्राशिन्स्की ग्रंथालयाची इमारत जाळली. शहरातल्या अनेक संग्रहांतला मौल्यवान ऐवज तिथे एकत्र आणून ठेवलेला होता. ल्वूफमध्ये १८१७ साली स्थापन झालेली ‘ओसोलिनेउम’ ही संस्था युद्धानंतर व्रोत्सवाफला आली, पण तिच्या संग्रहाचा मोठा भाग ल्वूफमध्येच, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव्हमध्ये, राहिला. त्यामुळे गालित्सियातील एखाद्या पत्राचे जानेवारीचे अंक एका देशात आणि मार्चचे दुसऱ्या देशात, अशी स्थिती आढळते. ज्या वर्षात खंड पडलेला दिसेल ते वर्ष सोडून देण्यापूर्वी ल्विव्हच्या स्तेफानिक ग्रंथालयात विचारणा करावी.

प्रश्न : दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या एका पोलिश दैनिकाच्या पहिल्या पानावर अर्धा स्तंभ कोरा आहे. १९८०च्या दशकातील एका साप्ताहिकात चौकोनी कंसांत नुसत्या आडव्या रेघा आहेत. दोन्हींचा अर्थ एकच समजावा काय?

उत्तर : दोन्ही ठिकाणी मजकूर काढला गेला आहे, पण तो निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या रीतीने काढला गेला आहे.

स्वतंत्र पोलंडमध्ये छापण्याआधी मजकूर दाखवण्याची सक्ती नव्हती. अंक छापला जाई, त्याची प्रत अधिकाऱ्यांकडे जाई आणि त्यांना एखादा मजकूर आक्षेपार्ह वाटला तर अंक जप्त होई. मग संपादक तो मजकूर काढून, कधी ती जागा तशीच कोरी ठेवून, अंक पुन्हा छापत आणि वर ‘जप्तीनंतरची दुसरी छपाई’ अशी ओळ घालत. म्हणजेच एकाच तारखेच्या एकाच क्रमांकाच्या अंकाच्या दोन प्रती असू शकतात आणि त्यांतील मजकूर वेगळा असू शकतो. आपल्या अंकाच्या माथ्यावर अशी ओळ आहे का ते पाहावे. असेल तर पहिल्या छपाईची वाचलेली प्रत दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात शोधावी. ती मिळाली तर कोऱ्या अर्ध्या स्तंभात काय होते ते शब्दशः वाचता येते, आणि अशा क्षणी सगळ्या शोधाशोधीचे चीज होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र उलटे झाले. १९४६मध्ये वृत्तपत्रे, प्रकाशने आणि रंगमंचीय प्रयोग यांवर नियंत्रण ठेवणारे केंद्रीय कार्यालय स्थापन झाले आणि ते १९९०पर्यंत टिकले. या कार्यालयाला मजकूर छापण्याआधी दाखवावा लागे, आणि काटछाट झाल्याची खूणही छापील पानावर राहू दिली जात नसे. कोरी जागा दिसत नाही, वाक्ये सलग वाचता येतात, पान स्वच्छ असते. म्हणून १९५० किंवा १९६०च्या दशकातले निर्दोष दिसणारे पान पाहून इथे सेन्सॉरने हात लावला नाही असे कधीही मानू नये. हे कार्यालय आतून कसे चालत असे हे जगाला कळले ते क्राकूफच्या शाखेत काम केलेल्या तोमाश स्त्शिझेव्स्की यांच्यामुळे. त्यांनी १९७७मध्ये आतल्या सूचनांची कागदपत्रे स्वीडनला नेली आणि ती पुढे लंडनमध्ये छापली गेली. कोणाचे नाव छापायचे नाही, कोणत्या अपघाताची बातमी द्यायची नाही, इतक्या तपशिलापर्यंत त्या सूचना जातात.

सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेच्या चळवळीच्या दबावाखाली ३१ जुलै १९८१ रोजी सेन्सॉरशिपचा नवा कायदा झाला आणि त्याने संपादकांना काटछाट उघडपणे दाखवण्याचा हक्क दिला. आपल्याला दिसलेल्या चौकोनी कंसांतल्या रेघा म्हणजे हा हक्क. रेघांच्या पुढे कायद्याची तारीख, कलम आणि पोटकलम यांचा उल्लेख असतो. ते कलम जरूर वाचावे, कारण राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध की आणखी काही, कोणत्या कारणाने मजकूर काढला ते त्यावरून कळते. क्राकूफच्या ‘तिगोद्निक पोफ्शेख्नी’ या कॅथलिक साप्ताहिकात असे कंस जागोजागी दिसतात.

याच साप्ताहिकाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी. १९४५मध्ये सुरू झालेल्या या पत्राने मार्च १९५३मध्ये स्टालिनच्या मृत्यूनंतर अपेक्षित मृत्युलेख छापायला नकार दिला. त्याच वर्षी येझी तुरोविच यांच्या संपादक मंडळाच्या हातून पत्र काढून घेण्यात आले आणि सरकारशी जुळवून घेणाऱ्या ‘पाक्स’ या संघटनेकडे सोपवण्यात आले. डिसेंबर १९५६मध्ये जुने मंडळ परतले. मधल्या तीन वर्षांत नाव तेच होते, पण बोलणारे लोक दुसरे होते. त्या काळातले उतारे तुरोविच यांच्या पत्राचे मत म्हणून उद्धृत केलेले मी एकाहून अधिक लेखांत पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे.

प्रश्न : पत्राच्या शेवटच्या पानावर ‘जबाबदार संपादक’ म्हणून ज्याचे नाव छापलेले असते, त्यालाच संपादक मानावे काय?

उत्तर : न तपासता मानू नये. प्रशियाच्या ताब्यातील भागात एखाद्या लेखाबद्दल खटला झाला तर शिक्षा या छापील नावाच्या माणसाला होई. त्यामुळे पत्राचे धोरण ठरवणारा माणूस एक आणि कायद्यापुढे उभा राहणारा दुसरा, अशी व्यवस्था तेथे आढळते. छापील नाव पटापट बदलताना दिसले, तर ते संपादकीय मतभेदाचे लक्षण समजण्यापूर्वी त्या महिन्यांतले न्यायालयीन खटले पाहावेत. खरा संपादक पत्रव्यवहारातून, लेखकांच्या मानधनाच्या नोंदींतून आणि समकालीनांच्या आठवणींतून सापडतो.

प्रश्न : माझ्याजवळ काही भूमिगत पोलिश पत्रकांच्या प्रतिमा आहेत. नावे ‘रोबोत्निक’ आणि ‘ब्युलेतिन इन्फोर्मात्सिय्नी’ अशी आहेत, पण त्यांचा काळ जुळत नाही. शिवाय, ज्यू समाजाची वृत्तपत्रे या इतिहासात धरावीत की ती वेगळी समजावीत?

उत्तर : काळ जुळत नाही, कारण ही प्रत्येकी एकाहून अधिक पत्रांची नावे आहेत. ‘रोबोत्निक’, म्हणजे कामगार, हे पोलिश समाजवादी पक्षाचे गुप्त पत्र १८९४मध्ये सुरू झाले. युझेफ पिउसुद्स्की त्याचे संपादक होते आणि वूच शहरातल्या त्यांच्या राहत्या घरातच छपाईयंत्र होते. फेब्रुवारी १९००मध्ये रशियन पोलिसांनी तिथे छापा घालून त्यांना अटक केली. १९७७मध्ये लोकशाहीवादी विरोधकांनी कामगारांसाठी नवे भूमिगत पत्र काढले, तेव्हा त्यांनी जाणीवपूर्वक हेच नाव घेतले. ‘ब्युलेतिन इन्फोर्मात्सिय्नी’चेही तसेच. नोव्हेंबर १९३९पासून जर्मन ताब्यातील वॉर्सात अलेक्सांदर कामिन्स्की यांच्या संपादनाखाली या नावाचे भूमिगत साप्ताहिक निघत होते आणि १९४४च्या उठावात ते उघडपणे, रोज निघू लागले. १९७६नंतर कामगार संरक्षण समितीने तेच नाव पुन्हा वापरले. जुन्या लढ्याशी नाते सांगण्याची ही रीत होती. म्हणून वहीत नुसते नाव कधी लिहू नये. नाव, शहर आणि पहिल्या अंकाचे वर्ष या तीन गोष्टी एकत्र लिहाव्यात.

अशा पत्रकांना पोलिशमध्ये ‘बिबुवा’ म्हणतात. हा शब्द मुळात पातळ, टिपकागदासारख्या कागदाचा आहे. याउलट, ताब्यातील प्रदेशात जर्मनांनी पोलिश भाषेत चालवलेल्या पत्रांना लोक तिरस्काराने ‘सरपटणाऱ्या जनावरांची पत्रे’ म्हणत. ऑक्टोबर १९३९पासून निघालेले ‘नोवी कुरियर वार्शाव्स्की’ त्यांपैकी एक. त्याचे नाव युद्धापूर्वीच्या प्रतिष्ठित ‘कुरियर वार्शाव्स्की’शी मुद्दाम मिळतेजुळते ठेवले होते. एक ‘नवा’ हा शब्द सुटला तर १८२१ ते १९३९ असे आयुष्य असलेल्या दैनिकाच्या माथी शत्रूचा मजकूर बसतो.

एरवी पहिल्या पानाच्या माथ्यावर विश्वास ठेवावा असे मी म्हणतो, पण भूमिगत पत्रांत तो माथाही फसवा असू शकतो. पोलिश भूमिगत सैन्याने ‘एन मोहीम’ या नावाखाली जर्मन भाषेत पत्रे काढली. ती जर्मन सैन्यातल्याच असंतुष्टांनी काढली आहेत असे वाचणाऱ्या जर्मन सैनिकाला वाटावे, हा त्यांचा उद्देश होता. ‘देअर झोल्डाट’ हे त्यांपैकी एक. भाषा, नाव आणि सूर सगळे जर्मन, आणि लिहिणारे पोलिश. अशा ठिकाणी कागदाचा प्रकार, टाइपाचा वळसा, छपाईतल्या चुका आणि संग्रहात प्रत कोठून आली याची नोंद, यांवरच विसंबावे लागते. आपल्याजवळच्या प्रतिमांत प्रती कोणत्या संग्रहातल्या आहेत हे लिहिलेले नसेल, तर ते आधी शोधून काढावे. १९८०च्या दशकातल्या पत्रकांसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर वॉर्सातील ‘कार्ता’ केंद्राकडेही पाहावे. ते केंद्र स्वतःच १९८२मध्ये एका भूमिगत पत्रकातून उभे राहिले.

आता ज्यू वृत्तपत्रांविषयी. ती या इतिहासात धरावीत, असे माझे ठाम उत्तर आहे. युद्धपूर्व वॉर्सात यिद्दिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेतली ‘हाइन्त’ आणि ‘मोमेन्त’ ही मोठी दैनिके होती, आणि १९२३पासून ‘नाश प्शेग्लोंद’ हे ज्यू वाचकांचे दैनिक तर पोलिश भाषेतच निघत होते. या दैनिकाची ‘मावी प्शेग्लोंद’ ही साप्ताहिक पुरवणी डॉक्टर आणि बालसाहित्यिक यानुश कोर्चाक यांनी ऑक्टोबर १९२६मध्ये सुरू केली. तिच्यातला मजकूर मुलांनी पाठवलेला असे : शाळेतली भांडणे, घरातले प्रसंग, रस्त्यावर पाहिलेल्या गोष्टी. तिचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९चा, म्हणजे युद्ध सुरू झाले त्या शुक्रवारचा. या दैनिकांचे अंक इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ज्यू वृत्तपत्र संग्रहात पाहता येतात, आणि यिद्दिश येत नसेल तरी ‘नाश प्शेग्लोंद’ आपण आजच वाचायला घेऊ शकता.

जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या घेट्टोतही भूमिगत पत्रे निघत होती, यिद्दिश, पोलिश आणि हिब्रू अशा तीनही भाषांत. ती आज वाचता येतात याचे कारण इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांचे सहकारी. घेट्टोतले जीवन नोंदवण्यासाठी त्यांनी जो गुप्त संग्रह केला, त्यात ही पत्रेही जपून ठेवली. संग्रहाचा पहिला भाग ऑगस्ट १९४२मध्ये दहा धातूच्या पेट्यांत घालून एका शाळेच्या तळघरात पुरला गेला आणि सप्टेंबर १९४६मध्ये ढिगाऱ्याखालून बाहेर काढला गेला. पेट्यांत पाणी शिरल्याने पुष्कळ पाने भिजली होती आणि त्यांवरचे पाण्याचे डाग प्रतिमांतही दिसतात. दुसरा भाग दुधाच्या दोन कॅनमध्ये होता. तो डिसेंबर १९५०मध्ये सापडला आणि त्यातली पाने पुष्कळ चांगल्या स्थितीत होती. दोन्ही भाग वॉर्सातील ज्यू ऐतिहासिक संस्थेत आहेत. तिसरा भाग मिळालेला नाही.